शाळेच्या चुलीखालची जमीन : लाओसमधील न फुटलेले बाँब आणि मुलांचे दुपारचे जेवण

कृष्णाकाठ (धागालेखक)

वाळवा तालुक्यात केंद्रप्रमुख म्हणून काम करताना शालेय पोषण आहाराच्या नोंदवह्या तपासणे हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. धान्याचा शिल्लक साठा, त्या दिवशी शिजवलेले वजन, चव घेणाऱ्याची सही, गॅसची टाकी कधी संपली, असे सारे पाहता पाहता इतर देशांतल्या शाळा मुलांना काय वाढतात हे वाचण्याची खोड लागली आणि निवृत्तीनंतरही ती सुटलेली नाही. त्या वाचनातून लाओसविषयी जे हाती आले ते येथे मांडतो, कारण मुलांना जेवू घालणे आणि जमिनीतले न फुटलेले बाँब काढणे ही दोन कामे त्या देशात एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत.

आधी थोडे युद्धाविषयी. व्हिएतनाम युद्ध चालू असताना १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर सुमारे ५,८०,००० उड्डाणांतून २० लाख टनांहून अधिक बाँब टाकले. सरासरी काढली तर नऊ वर्षे, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक विमान तेथे रिकामे होत होते. हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरेल. त्या बाँबांपैकी पुष्कळसे क्लस्टर प्रकारचे होते, म्हणजे एक मोठे कवच हवेत उघडते आणि त्यातून शेकडो लहान बाँब विखुरतात. लाओ लोक या लहान बाँबांना ‘बाँबी’ म्हणतात. असे २७ कोटींहून अधिक बाँबी पडले, त्यांतले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, आणि म्हणून सुमारे आठ कोटी बाँबी मातीत, भातखाचरांत, ओढ्यांच्या काठी आणि बांबूच्या बेटांत तसेच राहिले, असा अंदाज आहे. देशातील साधारण एक चतुर्थांश गावांच्या जमिनीत ते आजही सापडतात. १९६४ पासून आजवर या स्फोटकांमुळे मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची संख्या ५०,००० च्या घरात आहे, आणि त्यांतले सुमारे २०,००० लोक लढाई थांबल्यानंतर बळी पडलेले आहेत.

आता शाळेकडे वळू. २०१७ च्या पाहणीनुसार लाओसमधील पाच वर्षांखालील ३३ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २००२ पासून उत्तरेकडच्या प्रांतांत शाळांमधून आहार द्यायला सुरुवात केली. पुढे अमेरिकी कृषी खात्याच्या मॅकगव्हर्न-डोल कार्यक्रमातूनही तांदूळ, डाळ, तेल असा शिधा तेथील ग्रामीण शाळांपर्यंत जाऊ लागला. कागदावर हे काम आपल्या योजनेसारखेच दिसते. पण शाळेत जेवण शिजवायचे म्हणजे काय काय करावे लागते, हे आपण सगळ्यांनी जवळून पाहिलेले आहे: स्वयंपाकाच्या खोलीचा पाया खणायचा, धान्याच्या कोठीसाठी जागा सपाट करायची, पाण्याची पाइप पुरायची, खरकट्या पाण्यासाठी शोषखड्डा काढायचा, सरपण गोळा करायचे, जमिनीवर चूल पेटवायची आणि भाजीसाठी परसबाग कुदळायची. यातले एकही काम मातीला हात लावल्याशिवाय किंवा तिच्यावर विस्तव केल्याशिवाय होत नाही. लाओसमध्ये कुदळीचा घाव जसा बाँबीवर बसू शकतो, तसाच जमिनीवरच्या जाळाच्या धगीने खाली पुरलेला बाँबीही फुटू शकतो आणि तेथे तसे घडलेलेही आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की त्या शाळांच्या बाबतीत जमीन साफ करण्याचा खर्च हा जेवणाचाच खर्च मानला पाहिजे, आणि तो तांदळाच्या आधी झाला पाहिजे. एक खाते शिधा पाठवते, दुसरे खाते बाँब काढते आणि दोघांची वेळापत्रके जुळत नाहीत, असे झाले की तांदूळ कोठीत येऊन पडतो आणि चूल कोठे मांडावी हे ठरत नाही. सभासदांपैकी कोणी त्या भागात राहिले असेल किंवा सैन्यात हे काम केले असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे.

रोखठोक सांगलीकर

सर, लेख उत्तम आहे, परंतु एक शंका येते. ज्या देशाने बाँब टाकले त्याच देशाने तांदूळ पाठवायचा आणि बाँब काढण्याचे पैसेही द्यायचे, याला मदत म्हणावे की देणे? आणि आपल्याकडच्या शाळांचे इतके प्रश्न पडलेले असताना आपण लाओसच्या चुलीची चर्चा करत बसावे काय?

सॅपर सातारा

मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आहे आणि सुरुंग लावणे व काढणे यांतच माझी नोकरी गेली, त्यामुळे केंद्रप्रमुख साहेबांनी विचारले आहे त्यावर अधिकाराने काही लिहू शकतो.

सैन्यात सुरुंग काढणे आणि शाळेचे आवार साफ करणे ही दोन फार वेगळी कामे आहेत. आमच्याच पलटणीचे प्रेमिंद्र सिंग भगत यांनी १९४१ मध्ये अबिसीनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत चार दिवसांत ५५ मैलांच्या रस्त्यावरील १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्याकडे प्रत्येक रंगरुटाला हे सांगितले जाते. तेथे उद्देश असा होता की सैन्याच्या गाड्या पुढे गेल्या पाहिजेत. रस्त्याची पट्टी मोकळी झाली की तिच्या दोन्ही बाजूंना काय पुरले आहे ते नंतर बघता येते. शाळेत मात्र मूल कोठे धावेल, चेंडू कोणत्या झुडपात जाईल, परसबागेत कुदळ किती खोल जाईल, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ठरलेल्या हद्दीतील जमिनीचा वीतभरही तुकडा सोडायचा नसतो, आणि किती खोलीपर्यंत तपासायचे हे त्या जागेवर पुढे काय होणार आहे त्यावरून ठरवायचे असते. खेळायचे मैदान असेल तर एक हिशेब आणि इमारतीचा पाया असेल तर दुसरा.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणे असते आणि ते तसेच असले पाहिजे. जमिनीवर दोऱ्या बांधून अरुंद पट्ट्या आखतात. आधी गवत व झुडपे हलक्या हाताने कापतात, मग धातुशोधक यंत्र पट्टीवरून सावकाश फिरवतात. आवाज आला की खूण करून माणूस गुडघ्यावर बसतो आणि वरून न खणता थोड्या अंतरावरून आडवी माती खरवडत त्या वस्तूच्या बाजूला पोहोचतो, म्हणजे हत्याराचे टोक तिच्या माथ्यावर बसत नाही. बहुतेक वेळा निघतो तो खिळा, पत्र्याचा तुकडा किंवा जुना छर्रा. लाओससारख्या ठिकाणी जमिनीत छर्रे इतके आहेत की बहुतेक वेळ त्यांनाच उकरण्यात जातो, पण म्हणून पुढचा आवाज ‘हाही खिळाच असेल’ असे समजून सोडता येत नाही. खरा बाँबी सापडला तर सहसा त्याला उचलत नाहीत. शेजारी स्फोटक ठेवून, रेतीच्या पोत्यांनी झाकून, ध्वनिक्षेपकावरून गावाला सांगून, रस्त्यांवर माणसे उभी करून तो जागेवरच उडवतात.

बाँबीच्या रचनेविषयीही सांगतो, कारण तिच्यामुळेच मुले फसतात. बीएलयू-२६ हा तेथे फार सापडणारा प्रकार टेनिसच्या चेंडूएवढा गोल असतो आणि त्याच्या कवचात शेकडो पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. एका मोठ्या कवचात असे सुमारे ६७० बाँबी मावत. खाली पडताना तो हवेत गरगर फिरतो आणि त्या फिरण्यानेच त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, तयार होतो. तो पुरेसा फिरला नाही, चिखलात किंवा झाडाच्या फांद्यांत पडला, तर तसाच राहतो. पण फ्यूज अर्धवट तयार झालेला आहे की पूर्ण, हे बाहेरून कोणालाही कळत नाही. पन्नास वर्षे गंजलेला म्हणजे मेलेला, असा समज अजिबात करू नये.

मिरजेचा तंबोरा

रोखठोक दादा, मदत की देणे, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे एक विलक्षण उत्तर त्या कार्यक्रमाच्या नावातच दडलेले आहे, असे मला वाटते. जॉर्ज मॅकगव्हर्न हे दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते आणि त्यांनी युरोपवर ३५ मोहिमा केल्या. एका मोहिमेत एक बाँब विमानात अडकून राहिला. तो सोडवून टाकल्यावर थेट ऑस्ट्रियातील एका शेतघरावर पडल्याचे त्यांनी वरून पाहिले, आणि ती दुपारच्या जेवणाची वेळ असल्याने घरातली सगळी माणसे आतच असणार, ही बोचणी त्यांना चाळीस वर्षे राहिली. १९८५ मध्ये त्यांनी ही हकीगत ऑस्ट्रियाच्या दूरचित्रवाणीवर सांगितली, तेव्हा त्या शेतकऱ्याने कळवले की विमान येताना पाहून ते सगळे लपले होते आणि कोणालाही इजा झाली नव्हती. हेच मॅकगव्हर्न पुढे केनेडी यांच्या काळात ‘फूड फॉर पीस’ या अन्नमदतीच्या कार्यालयाचे प्रमुख झाले, व्हिएतनाम युद्धाला विरोध करत १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि हरले. बॉब डोल हे त्यांच्या विरुद्ध पक्षातले, १९४५ मध्ये इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेले. या दोघांनी मिळून शाळेतील मुलांच्या जेवणासाठी जो आग्रह धरला, त्यातून २००२ मध्ये हा कार्यक्रम कायद्यात आला आणि २००८ चे जागतिक अन्न पारितोषिक दोघांना मिळून दिले गेले.

अर्थात माणसे भली असली म्हणून धोरण भले ठरत नाही. २०१६ मध्ये ओबामा लाओसला गेले तेव्हा त्यांनी बाँब काढण्यासाठी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली तेव्हा अनेक देशांतील बाँब काढण्याची कामेही थांबली. दात्याच्या मर्जीवर चालणारे काम देणे फेडल्यासारखे दिसत नाही, एवढे माझे मत.

रोखठोक सांगलीकर

ताई, ही शेतघराची हकीगत ठाऊक नव्हती. क्लस्टर बाँबांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करारही आहे ना? त्यावर अमेरिकेची सही आहे काय?

मिरजेचा तंबोरा

नाही. तो करार २००८ मध्ये डब्लिनला संमत झाला, १ ऑगस्ट २०१० पासून अमलात आला आणि त्याच्या सदस्य देशांची पहिली बैठक त्याच वर्षी लाओसची राजधानी व्हिएन्टियान येथेच झाली. अमेरिका, रशिया, चीन यांनी त्यावर सही केलेली नाही आणि भारतानेही केलेली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर दारूगोळा दिला आणि मार्च २०२५ मध्ये लिथुआनिया हा सदस्य देश करारातून बाहेर पडला.

पाटणवाला

मी मूळचा कोयना भागातला आणि जलविद्युतच्या कामानिमित्त लाओसमध्ये काही काळ राहिलो आहे. आमच्या कामावर रस्ता, वसाहत, अगदी गोदामाची जागासुद्धा बाँबमुक्त असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय खोदाई यंत्र आत येत नसे. बांधकाम कंपनीला हा खर्च परवडतो. डोंगरातल्या शाळेला तो कोण देणार, हा प्रश्न तेथेच माझ्या मनात आला होता, म्हणून सरांचा मुद्दा मला पूर्ण पटला.

शियांग ख्वांग प्रांतात, जेथे दगडी रांजणांचे प्रसिद्ध पठार आहे, तेथे एका घराच्या अंगणात पाहिलेली गोष्ट सांगतो. क्लस्टर बाँबचे लांबट कवच उभे चिरलेले, त्याचा अर्धा भाग पन्हाळीसारखा चार लाकडी खांबांवर कंबरेच्या उंचीला आडवा ठेवलेला, त्यात माती भरून कांद्याची पात आणि कोथिंबीर लावलेली. कोंबड्या पोहोचत नाहीत आणि म्हातारीला वाकावे लागत नाही, असे कारण घरातल्यांनी सांगितले. कवचावरचा पांढरा आकडा अजून वाचता येत होता. त्याच प्रांतातील बान नापिया गावात युद्धाचे ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात आणि ते बाजारात विकतात.

शाळेतल्या जेवणाविषयी एक बारकावा. तेथील मुलांचे रोजचे अन्न म्हणजे वाफवलेला चिकट भात. तो बांबूच्या झाकणाच्या टोपलीत ठेवतात आणि बोटांनी गोळा करून तिखट चटणीत बुडवून खातात. डाळ हा त्यांच्या स्वयंपाकातला रोजचा पदार्थच नव्हे. त्यामुळे परदेशातून डाळ आली तरी ती कशी शिजवायची हे आधी शिकवावे लागते. भाजी, मासे आणि रानातले कंदमूळ हे खरे तोंडी लावणे, आणि ते मिळवायला मुले व बाया रानातच जातात. सरपणही तेथूनच येते. म्हणजे शाळेचे आवार साफ केले तरी शाळेच्या चुलीत जळणारे लाकूड ज्या वाटेने येते ती वाट राहतेच.

सॅपर सातारा

पाटणवाला साहेबांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आमच्याकडेसुद्धा नकाशावर क्षेत्र साफ दाखवले जाते आणि अपघात हद्दीच्या खुंटाबाहेर चार पावलांवर होतो. सगळे रान साफ करणे अशक्य असते, म्हणून मुलांना शाळेतच धडे देणे हा त्यावरचा उपाय आहे. लाओसमध्ये बाहुल्यांचे खेळ व गाणी यांतून ‘हात लावू नका, मागे फिरा, मोठ्यांना सांगा’ हे शिकवले जाते. त्या देशात पेटांक हा धातूच्या गोळ्यांचा खेळ फार लोकप्रिय आहे, त्यामुळे मातीत सापडलेला गोल लोखंडी गोळा उचलून घरी आणण्याचा मोह मुलांना पटकन होतो. चमच्यांविषयी मात्र माझे मत कडक आहे. भंगाराला भाव आहे म्हणूनच माणसे न फुटलेले बाँब उकलायला जातात. आपल्याकडे नगरजवळच्या के. के. रेंजवर, लष्कराचा सराव झाल्यावर पितळ व तांबे वेचायला जाऊन लोकांनी जीव गमावलेले आहेत.

जतकर

मी जत तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहितो आहे ते कोणाला लागू नये.

रोखठोक सांगलीकरांनी आपल्या शाळांच्या प्रश्नांकडे लक्ष वेधले ते योग्यच आहे, पण लाओसच्या चर्चेने आमचे प्रश्न झाकले जात नाहीत, उलट नीट दिसतात. सरकारी प्रमाण पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे आहे आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित आहे. तांदूळ वेळेवर येतो, परंतु मागच्या सत्रात डाळ व मटकी यांचा पुरवठा इतका रखडला की बरेच दिवस मुलांना नुसता मसालेभात द्यावा लागला. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना दरमहा २,५०० रुपये मानधन आहे, आणि तेही चुकत-माकत येते. अशा वेळी ताटाला आधार होतो तो परसबागेचा. हात धुण्याचे पाणी चर काढून आम्ही शेवगा, कढीपत्ता, पालक आणि दोडक्याच्या वेलाला सोडले आहे. जतसारख्या दुष्काळी भागात बाग जगवायची तर दुसरा मार्ग नाही. आमच्या सहावीच्या मुलांनी ते चर स्वतः खणले. कुदळ मुलांच्या हातात देताना माझ्या मनात भीती होती ती फक्त विंचवाची. लाओसच्या शिक्षकाला त्याच कामाआधी पथकाची वाट पाहावी लागते, हे वाचून सरांचा ‘जमीन हा जेवणाचाच खर्च’ हा मुद्दा मला नेमका कळला.

कृष्णाकाठ (धागालेखक)

जतकर सर, मनापासून लिहिलेत. आपल्या योजनेचा प्रवास आठवला की हे अधिक पटते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे हजेरीनुसार महिन्याला तीन किलो तांदूळ मुलाच्या घरी जात असे. त्यात शाळेला चूल, पाणी, जागा यांपैकी कशाचीच चिंता नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्नच द्या असे बजावले, तेव्हापासून शाळेला स्वयंपाकघर आले आणि त्याबरोबर स्वयंपाकघराची जबाबदारीही आली. ती जबाबदारी केवढी असते हे बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी दिसले. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक उतरले आणि २३ मुले दगावली. तपासात संशय तेल ठेवलेल्या डब्यावर आला. तांदूळ, डाळ, निधी, हजेरी सगळे कागदोपत्री असूनही धोका एका डब्यात होता. त्यानंतर चव नोंदवहीकडे मी कधी निव्वळ सही म्हणून पाहिले नाही, आणि तपासणीला गेल्यावर शिक्षकाने माझ्यासमोर घास खाल्ल्याशिवाय पंगत बसू दिली नाही. काही मुख्याध्यापकांना ते जाचक वाटले, वाटो.

रोखठोक साहेबांना एक सांगतो. ज्या शाळेत जमीन साफ करून परसबाग उभी राहते, तेथे परदेशी तांदूळ उद्या थांबला तरी भाजी राहते. लाओस सरकारने २०१९ पासून या शाळा टप्प्याटप्प्याने स्वतःच्या हाती घेतल्या आहेत. गावाने आपली भाजी, आपला भात शाळेला द्यायचा तर गावाला ती जमीन निर्धास्तपणे कसता आली पाहिजे. म्हणून मदतीचा पैसा मोजका असेल तर तो धान्याआधी जमिनीवर खर्चावा, असे मी म्हणेन.

रोखठोक सांगलीकर

हे मान्य. मात्र पथक येईपर्यंतची दोन-तीन वर्षे मुलांनी उपाशी राहायचे का, याचेही उत्तर हवे.

पाटणवाला

तोवर तयार शिधा आणि जमिनीपासून उंच ओट्यावरची चूल, असे दोन्ही करता येते. खांबांवरच्या कवचात कांदे लावणाऱ्या म्हातारीने तेच तर केले होते.

जतकर

सुभेदार साहेब, धाग्याशी थोडे जोडूनच विचारतो. आमच्या भागात विहिरी खोदताना सुरुंगाचे बार भरतात आणि एखादा बार उडत नाही. काम सोडून ठेकेदार निघून जातो. शाळेजवळच्या अशाच एका पडक्या विहिरीच्या ढिगाऱ्यात मुलांना दोन वायरी असलेली बारीक नळी दिसल्याचे पालकांनी सांगितले. काय करावे?

सॅपर सातारा

पेन्सिलीएवढी, ॲल्युमिनियमची, एका टोकाला दोन रंगीत वायरी असलेली नळी म्हणजे इलेक्ट्रिक डिटोनेटर, म्हणजे सुरुंगाचा बार उडवणारी नळी, असण्याची दाट शक्यता आहे. एवढ्या नळीने हाताची बोटे जातात आणि डोळे जातात. तिला हात लावू नये, वायरी ओढू नयेत, एकमेकींना टेकवू नयेत, पाण्यात टाकू नये आणि फोटो काढायला मोबाइल घेऊन जवळ जाऊ नये. ढिगाऱ्यात जिलेटिनच्या कांड्याही असू शकतात, म्हणून तो ढिगारा उपसू नका. दोन जबाबदार माणसे लांब उभी करून वाट अडवा, तेथून दूर येऊन ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवा आणि बाँबशोधक व नाशक पथकाची मागणी करा. विहीर कोणाची, काम कोणी केले, हे पोलीस विचारतील तेव्हा सांगा, पण त्या वादात कळवायला उशीर करू नका. पथक येऊन जाईपर्यंत परसबागेचे पाणी त्या बाजूने वळवले असेल तर तेही बंद ठेवा, म्हणजे चर मोकळा करायला कोणी मूल तिकडे जाणार नाही.

जतकर

आजच कळवतो. चर विहिरीच्या बाजूनेच गेलेला आहे.